समुद्रकाठच्या घरातली किचन चिमणी : सर्व्हिसिंगमध्ये काय काय उघडून बघायला लावायचं?

निवतीकर

नमस्कार मंडळी. घर वेंगुर्ले तालुक्यात, किनाऱ्यापासून तीनेकशे मीटरवर. घराला लागून होमस्टेच्या दोन खोल्या आहेत, म्हणजे मासे तळणं रोजचंच. चिमणी ९० सेंमीची, बॅफल फिल्टरची (वाकवलेल्या पट्ट्यांचा), ऑटोक्लीनवाली (आतलं तेल हीटरने वितळवणारी), चार वर्षं वापरातली. डक्ट, म्हणजे हवा बाहेर नेणारा नळा, ॲल्युमिनियमचा लवचिक, साधारण अडीच मीटर, दोन वळणं घेऊन पश्चिमेच्या भिंतीतून बाहेर.

तक्रारी अशा : खेच निम्म्यावर आलीय. चालू करताना घरघरते आणि वेग उशिरा धरते. पावसाळ्यात ऑटोक्लीनचं बटण दाबलं की घरातला आरसीसीबी (करंट झिरपला की वीज तोडणारा स्विच) पडतो. स्टेनलेस असूनही हूडच्या कडेला तपकिरी ठिपके आलेत. सर्व्हिसला येणारे फिल्टर धुतात, बाहेरून चकचकीत पुसतात आणि जातात.

नीट सर्व्हिस करायची तर काय काय उघडावं लागतं? वर्षातून किती वेळा? डक्ट बदलायचा झाला तर कशाचा घ्यावा? मागच्या पडवीत चूल आहे, तिच्या पत्र्याच्या धुराड्याबद्दलही कुणाला माहिती असेल तर सांगा.

हवाखेच

खेच कुठे गेली ते फिल्टरमध्ये शोधू नका. फिल्टर हाताशी असतो म्हणून सगळे तोच धुतात. रोजचं तळण आणि चार वर्षांचा लवचिक डक्ट म्हटल्यावर माझा पहिला संशय डक्टवर आणि बाहेरच्या झडपेवर.

जाणकार माणूस आल्या आल्या पेचकस काढत नाही, चिमणी आहे तशी आधी चालवून बघतो. खिडकी चार बोटं उघडी ठेवायची, कारण बाहेरची हवा आत आलीच नाही तर नवी चिमणीसुद्धा नापास होईल. वर्तमानपत्राचं एक पान फिल्टरला लावायचं, तिन्ही वेगांवर. ते चिकटून राहिलं म्हणजे मोटर जिवंत आहे, एवढंच कळतं. खरा आकडा हवा तर वाऱ्याचा वेग मोजायचं पंख्याचं छोटं मीटर बाहेरच्या तोंडाशी धरा. १५० मिमी व्यासाच्या तोंडाशी सरासरी ८ मीटर प्रतिसेकंद आले तर ताशी साधारण ५०० घनमीटर हवा जातेय, ६ आले तर ३८०. खोक्यावर १२०० लिहिलेलं असतं ते डक्ट न जोडता मोजलेलं, तेव्हा त्या आकड्याशी तुलना करून कपाळावर हात मारू नका.

मग एकेक अडथळा काढत पुन्हा मोजायचं. आधी फिल्टर काढून. वेग फारसा वाढला नाही तर फिल्टर निर्दोष. मग डक्ट चिमणीच्या गळ्यापासून सोडवायचा आणि गळ्याशीच मोजायचं. इथे हवा जोरात आली तर दोष डक्टमध्ये किंवा बाहेरच्या तोंडात. इथेही कमीच आली तर ब्लोअर उघडा. या तीन मोजण्यांना वीस मिनिटंही लागत नाहीत, आणि पैसे कशावर खर्च करायचे ते ठरतं.

बाहेरची झडप दोघांनी मिळून बघायची, एक आत बटणाशी, एक बाहेर. सगळ्यात कमी वेगावर ती पूर्ण उघडली पाहिजे आणि बंद केल्यावर आपोआप पडली पाहिजे. पश्चिमेच्या भिंतीत लोखंडी स्प्रिंगची झडप असेल तर ती अर्धवट अडकलेलीच सापडेल. मीठ आणि तेल यांचा लगदा बिजागरीत बसतो. सावलीतल्या भागाचं एक आहे : भिंतीबाहेरचं जे अंग पावसात धुऊन निघतं ते बरं टिकतं, छपराखाली किंवा झाकणाच्या आतल्या बाजूला जिथे पाऊस पोचत नाही तिथे मीठ साठत जातं आणि गंज तिथेच आधी लागतो. म्हणून झाकण काढून आतून बघायचं.

डक्टच्या आत मोबाईलचा टॉर्च लावून व्हिडिओ घ्या. लवचिक डक्टच्या प्रत्येक घडीत तेल बसतं, वळणाच्या खालच्या बाजूला तर बोटभर. तो ब्रशने साफ होत नाही, पत्रा कागदासारखा फाटतो. समुद्रकाठी रोजचं तळण असेल तर दोन-तीन वर्षांनी बदलायचा, धुवायच्या फंदात पडायचं नाही. भिंतीतलं भोकही बघून घ्या. पूर्वीच्या एक्झॉस्टचं ४ इंची भोक तसंच ठेवून ६ इंची डक्ट त्यात चेपून घातलेला बऱ्याच घरांत सापडतो. ६ इंची तोंडाच्या क्षेत्रफळाच्या ४४ टक्केच जागा ४ इंचीत असते, मग खेच कुठून मिळणार?

ब्लोअरबद्दल दोन गोष्टी. बऱ्याच मॉडेलांत चाकाच्या मधला नट उलट्या आट्यांचा असतो, घड्याळाच्या दिशेने फिरवला की सुटतो. जोर लावून नेहमीसारखा फिरवला तर तुटतो. दुसरं, चाकाच्या एखाद-दुसऱ्या पात्यावर पत्र्याची बारीक चिमटी लावलेली दिसेल. ती कचरा म्हणून काढून टाकू नका, तोल साधण्यासाठी कारखान्यात लावलेली असते. ती गेली की चिमणी थरथरायला लागते. तेलाचा थर एकाच बाजूला जाड झाला तरी हेच होतं. चाक धुवायचं, मोटर कधीच नाही. मोटरला पिशवी बांधून मगच ब्लोअरच्या डब्याची आतली बाजू पुसायची.

ऑटोक्लीनवर विसंबू नका. त्याचा हीटर ताजं तेल पातळ करून वाटीत उतरवतो. महिनोन्‌महिने भाजून वार्निशसारखं घट्ट झालेलं तेल त्याने सुटत नाही, आणि डक्टशी तर त्याचा काही संबंधच नाही.

तुमच्या वापराला पूर्ण सर्व्हिस वर्षातून दोनदा. एक मे महिन्यात, त्यात झडप, झाकण आणि भिंतीभोवतीचं सील यांवर भर, कारण पुढे चार महिने पश्चिमेचा पाऊस थेट तोंडावर येणार. दुसरी गणपती होऊन पाऊस ओसरल्यावर, त्यात ब्लोअर आणि वायरिंग. फिल्टर आणि तेलाची वाटी मात्र दर आठ-दहा दिवसांनी घरीच.

फेज_न्यूट्रल

आरसीसीबीचं सांगतो. ऑटोक्लीनचा हीटर म्हणजे धातूच्या नळीत घातलेली तार. तार आणि नळी यांच्यामध्ये मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड ठासलेली असते आणि ती हवेतला ओलावा ओढते. टोकाचं सील तडकलं असेल तर जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत पूड ओलसर होते, नळीकडे करंट झिरपतो, आणि ३० मिलिॲम्पियरचा आरसीसीबी आपलं काम करतो. म्हणून हिवाळ्यात तक्रार नसते.

खात्री अशी करायची : मेन बंद, प्लग बाहेर. हीटरची दोन्ही टोकं सोडवून टेप गुंडाळायची, मग प्लग लावून ऑटोक्लीनचं बटण दाबायचं. आरसीसीबी टिकला तर दोषी हीटर. मग ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन मोजायच्या मीटरने) हीटरचं टोक आणि त्याची नळी यांच्यात मोजायचं. १ मेगाओमच्या खाली आलं तर तो हीटर तसाच परत जोडायचा नाही. नुसता ओलावाच असेल तर हीटर काढून वर्कशॉपमध्ये १२० अंशांच्या आसपास दोन-तीन तास सुकवल्यावर रीडिंग सुधारतं, टोकाला नवं सील घालून परत बसवता येतो. सुकवूनही रीडिंग वर येत नसेल तर बदला.

एक मात्र कुणालाही करू देऊ नका : “अर्थची वायर काढतो, मग पडणार नाही.” पडणार नाही हे खरंच, पण मग झिरपणारा करंट हूडच्या पत्र्यावर बसून राहील आणि ओल्या हाताने बटण दाबणाऱ्याची वाट बघेल. आधी अर्थ खरोखर पोचतोय का ते हूडचा उघडा पत्रा आणि प्लगची अर्थ पिन यांच्यात मीटर लावून बघा. पावडर कोटिंगवर टोक टेकवलं तर रीडिंग येणार नाही, स्क्रूच्या डोक्यावर टेकवा.

घरघर आणि उशिरा वेग धरणं म्हणजे बहुधा कपॅसिटर, मोटरला फिरायला जोर देणारा सुटा भाग. त्याच्यावर मायक्रोफॅरडचा आकडा छापलेला असतो. मोजलेला आकडा दहा टक्क्यांहून जास्त खाली असेल तर बदला, नवा तेवढ्याच मायक्रोफॅरडचा आणि ४४० व्होल्ट एसीचा. मोठा टाकला की जोर वाढतो ही समजूत मोटर जाळते. बदलण्याआधी वीज तोडून चाक हाताने फिरवून बघा. सोडल्यावर चारदोन फेरे आरामात घेतलं पाहिजे. अडखळत थांबलं तर कपॅसिटर निर्दोष, बेअरिंग किंवा बुश कोरडं पडलंय.

टचपॅनेलच्या मागची सर्किटची पाटीही उघडायला लावा. किनाऱ्यालगत कनेक्टरच्या पिनांवर हिरवट पूड धरते, आणि पालींना ती उबदार जागा भारी आवडते. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रशने साफ करून, पूर्ण वाळवून, वर इलेक्ट्रॉनिक पाट्यांसाठी मिळणारा संरक्षक स्प्रे मारायचा. पिनांना टेप लावून मगच, नाहीतर तिथे संपर्कच तुटेल.

माजघर

तपकिरी ठिपके म्हणजे स्टेनलेस खोटं निघालं असं नाही. मिठाच्या पाण्यातलं क्लोराइड स्टेनलेसचा वरचा पातळ थर बारीक बारीक ठिकाणी फोडतं. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की पत्र्यावर बसलेलं मीठ आपणहून पाणी ओढून ओलं होतं, आणि आपल्याकडे पावसाळाभर हवा त्याच्या वरच असते. म्हणजे पत्रा दिसायला कोरडा, पण मीठ असेल तिथे सतत ओला. ३०४ जातीचा पत्रा बऱ्यापैकी तग धरतो, ४३० आणि २०२ लवकर डागतात. नवं घेताना पत्र्याची जात विचारा, विकणारा नुसतं “एसएस” म्हणाला तर पुन्हा विचारा.

आत्ताच्या डागांसाठी अर्धा लिटर कोमट पाण्यात दोन चमचे लिंबूसत्त्व घालून फडका भिजवा, डागांवर दहा मिनिटं ठेवा, नायलॉनच्या घासणीने पत्र्याच्या रेषांच्या दिशेने चोळा, गोड्या पाण्याने धुवून लगेच कोरडं पुसा. तारेची घासणी अजिबात नको. तिचे लोखंडी कण पत्र्यात रुततात आणि पंधरा दिवसांत आधीपेक्षा जास्त डाग येतात. ब्लीचिंगचं पाणी, क्लोरीनवाली फरशी-बाथरूमची लिक्विडं आणि फरशीचं ॲसिड, तिन्हीही नकोत.

फिल्टरचं धुणं धातूवर अवलंबून आहे. स्टेनलेसचा बॅफल असेल तर १० लिटर गरम पाणी (हात घालवणार नाही इतपत, ५५-६० अंश), १०० ग्रॅम धुण्याचा सोडा, दोन चमचे भांड्यांचं लिक्विड. अर्धा तास बुडवून ठेवायचं, खाचांतून जुना टूथब्रश फिरवायचा. ॲल्युमिनियमच्या जाळीचा फिल्टर असेल तर सोडा बिलकूल नको, नुसतं लिक्विड आणि गरम पाणी. सर्व्हिसवाले जी कॉस्टिक सोड्याची बाटली आणतात ती ॲल्युमिनियमला खाते : फेस येतो, धातू काळा पडतो, जाळी ठिसूळ होते. ब्लोअरचं चाकसुद्धा काही मॉडेलांत ॲल्युमिनियमचं असतं, तेव्हा बाटली उघडण्याआधी चाक कशाचं आहे हे विचारायचं.

आणि शेवटचं पाणी गोडं हवं. तुमच्या विहिरीचं पाणी मचूळ असेल तर त्याच पाण्याने विसळून उन्हात ठेवलं की फिल्टरवर मीठच वाळवलं म्हणायचं. शेवटची बादली नळाची किंवा साठवलेल्या पावसाच्या पाण्याची घ्या आणि फडक्याने कोरडं करा.

पत्रामिस्त्री

डक्टचा प्रश्न राहिला. इकडे सरसकट १६० मिमीचा पीव्हीसी पाइप टाकतात. गंजत नाही, आतून गुळगुळीत, स्वस्त, हे सगळं खरं. पण पीव्हीसी ८० अंशांच्या आसपास मऊ पडतो आणि आतल्या तेलाने पेट घेतला तर तोही त्या जाळात सामील होतो. होमस्टेचं तळण म्हणजे मोठी कढई, मोठा बर्नर. तिथे मी पीव्हीसी सुचवणार नाही.

३०४ चा ०.५ मिमी पत्रा घ्या, गावातला फॅब्रिकेटर १५० मिमीचा नळा वळवून देतो. जोडशिवण वरच्या बाजूला ठेवायची, खाली ठेवली तर तिथूनच तेल पाझरतं. बाहेरच्या बाजूला मीटरमागे एक ते दोन सेंटीमीटर उतार, म्हणजे वाऱ्याने ढकललेलं पाणी आत येत नाही. रिव्हेट आणि स्क्रूही स्टेनलेसचेच. तुमच्या आताच्या ॲल्युमिनियमच्या डक्टला लोखंडी स्क्रू असतील तर त्यांच्याभोवती पांढरी भुकटी दिसेल, दोन वेगळे धातू खाऱ्या ओलाव्यात एकत्र आले की असं होतं. सांध्यांवर ॲल्युमिनियम फॉइलची टेप आणि त्यावर स्टेनलेसचा क्लिप. कापडी टेप दोन उन्हाळ्यांत सुटते. काम झाल्यावर सांध्यांशी पेटती उदबत्ती धरा, धूर बाहेर ढकलला गेला तर तिथे गळती आहे.

दोन वळणांपैकी एक कमी करता आलं तर करा. काटकोनातलं एक वळण सरळ डक्टच्या दीड-दोन मीटरइतकी खेच खातं. शक्य असेल तर तोंड पूर्वेच्या किंवा उत्तरेच्या भिंतीत काढा. पश्चिमच ठेवायची असेल तर बाहेर खाली वळलेलं कोपर लावा आणि झडप एबीएस प्लास्टिकची, वजनाने पडणारी, स्प्रिंग नसलेली घ्या. पक्षी येऊ नयेत म्हणून १०-१२ मिमी भोकांची जाळी पुरे. मच्छरदाणीची बारीक जाळी लावली तर महिन्याभरात तेलाने ती बुजते, आणि तक्रार पुन्हा खेचेचीच.

हवाखेच

@पत्रामिस्त्री, पीव्हीसीबद्दल पटलं. चार माणसांच्या घरात, तळण कमी, डक्ट मीटरभर, तिथे लोक वापरतात आणि चालतंही. पण होमस्टेला स्टेनलेसच. फक्त तळाशी बशीसारखी छोटी वाटी ठेवा, नाहीतर उताराने आलेलं तेल बाहेरच्या भिंतीवर ओघळ काढतं.

निवतीकर

सगळ्यांचे आभार. आज झडप बघितली, अर्धीच उघडते आणि बिजागरी खरंच लगद्याने भरलीय. भिंतीतलं भोक ५ इंची निघालं. डक्टचा व्हिडिओ बघून फिल्टरवर राग काढल्याचं वाईट वाटलं. चुलीबद्दल कुणी सांगेल का? धुराडं ४ इंची जीआय (जस्ताचा थर दिलेल्या) पत्र्याचं आहे, कौलांतून वर गेलंय. इंधन सोडणं (नारळाची सालं), करवंट्या आणि आंब्याची लाकडं.

वैलचूल

जीआयचं धुराडं किनाऱ्यावर दोन्ही बाजूंनी खातं, बाहेरून खारा वारा, आतून धुरातला आंबट ओलावा. आधी जातं ते कोपर, मग कौलांतून बाहेर पडतो तो भाग. चूल पूर्ण थंड असताना लाकडी दांड्याने खालपासून वर ठोकत जा. खणखणीत आवाज आला तर पत्रा आहे, भदभदला किंवा पापुद्रे पडले तर तो तुकडा बदला. चुलीच्या तोंडाला लागून पहिला मीटरभर जीआय नकोच, फार तापला की त्याचा जस्ताचा थर जळतो. तिथे काळा जाड पत्रा घाला.

आतली काजळी भुरभुरीत असेल तर ब्रशने निघते. पाइपच्या व्यासाचाच ब्रश, वरून खाली, तळाला गोणपाट बांधून. काळा, चकाकता, डांबरासारखा थर दिसला तर तो ओल्या इंधनाचा. तो ३ मिमीच्या आसपास जाड झाला की धुराड्यातच पेट घेऊ शकतो, आणि वर कौलांखाली लाकडी वासे-रिपा आहेत हे विसरू नका. एकेरी पत्र्याचा पाइप आणि लाकूड यांच्यात ४५ सेंमी अंतर हवं, ते नसेल तर मध्ये हवा खेळेल असा पत्र्याचा आडोसा. सोडणं आणि लाकूड पावसाआधी माळ्यावर गेलं पाहिजे. ओलं आंब्याचं लाकूड पेटतं, पण बराच जाळ त्यातलं पाणी आटवण्यात जातो. वरचं टोक छपरातून निघतं तिथपासून किमान ३ फूट उंच, आणि १० फुटांच्या आत जे काही उंच असेल त्याहून २ फूट वर, नाहीतर वारा धूर परत ढकलतो.

धुराडं जुनं सिमेंट-ॲस्बेस्टॉसचं असेल त्यांच्यासाठी : कोरडा ब्रश मारू नका, फोडूही नका. भिजवून अख्खं उतरवा आणि पत्र्याचं बसवा.

किचन चिमणीचा डक्ट चुलीच्या धुराड्यात जोडायची आयडिया कुणी दिली तर ऐकू नका. पडवी आणि स्वयंपाकघर यांच्यामधलं दार उघडं, खिडक्या बंद आणि चिमणी पूर्ण वेगावर असेल तर ती चुलीचा धूर घरात ओढते. धुराड्याचा गॅस गीझर जवळपास असेल तर त्याचाही जळका वायू ओढू शकते, आणि त्याला वास नसतो. खिडकी उघडी ठेवण्याचं खरं कारण हे.

ठाणेकर_गुहागरचे

एक उपप्रश्न. आमचं घर जून ते गणपती बंद असतं. दरवर्षी उघडलं की चिमणीला बुरशीचा वास आणि पहिल्याच दिवशी आरसीसीबी.

हवाखेच

कुलूप लावण्याआधी फिल्टर आणि वाटी धुऊन, वाळवून, वेगळी काढून ठेवा. तेल आणि ओलावा एकत्र राहिले तर बुरशी धरणारच. स्वयंपाक झाल्यावर चिमणी आणखी दहा मिनिटं चालवायची सवय असेल तर डक्टमध्ये वाफ कमी साचते, शेवटच्या दिवशी अर्धा तास चालवा. मग प्लग काढा आणि बाहेरच्या तोंडाला घट्ट बसणारं प्लास्टिकचं टोपण लावा. त्याने खारी हवा, गांधीलमाशी आणि साळुंकी तिन्ही बाहेर राहतात. परत आल्यावर आधी मंद वेगावर तासभर नुसती चालवायची, ऑटोक्लीनला दोन दिवस हात लावायचा नाही. टोपण लावलंय हे प्लगच्या वायरवर चिठ्ठी बांधून लिहून ठेवा, कारण बंद तोंडावर चिमणी चालू केली तर आवाज नेहमीचाच येतो आणि धूर मात्र घरातच फिरत राहतो.